आधी कान, मग डोळे: वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पुस्तकांकडे आणताना

गेल्या गणपतीत आमच्या घरी दहा-बारा माणसं जमली होती. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि एका काकांनी टीपॉयवरचा पेपर माझ्या भाच्याच्या हातात दिला. "चौथीत ना रे तू? वाच बघू ही बातमी." त्यानं वाचलं, "गंगापूर घरण भरलं." सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते. तो पेपर ठेवून आत गेला आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने कुठल्याही छापील कागदाला त्यानं हात लावला नाही. दप्तर काढलं की त्याचं पोट दुखायचं.

त्याआधीच्या वाढदिवसाला मी त्याला दोनशे पानांचं गुळगुळीत पुस्तक दिलं होतं, आत 'खूप वाच' असं लिहून. ते फ्रिजवर पडून होतं. आमच्या ताईनं त्यावर मिक्सरचं झाकण ठेवायला सुरुवात केली होती.

ताई आणि मी नाशिकला पाथर्डी फाट्याला एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे पुढचं वर्षभर हे सगळं मला जवळून बघता आलं, करता आलं, चुकताही आलं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: अडखळणाऱ्या मुलाला गोष्टींचा कंटाळा नसतो, चारचौघांत पकडलं जाण्याचा धसका असतो. म्हणून घरात दोन खाती उघडायची. एक गोष्टीचं, एक अक्षरांचं. दोन्ही रोज चालवायची, पण एकातला हिशेब दुसऱ्यात आणायचा नाही.

पहिला आठवडा: शिकवू नका, बघा

एक साधी वही घ्या. मूल वाचत असताना (गृहपाठ, पाटी, बिस्किटाचा पुडा, काहीही) नेमकं कुठे अडतं ते नंतर, त्याच्या नकळत लिहून ठेवा. 'वाचता येत नाही' ही नोंद कामाची नाही. 'ध ला घ म्हणतो', 'जोडाक्षर आलं की शब्दच गाळतो', 'ओळ संपली की पुन्हा तीच ओळ धरतो' अशी नोंद हवी.

मग एक छोटी चाचणी करा. त्याच्याच इयत्तेचा न वाचलेला एक उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि गप्पा मारल्यासारखं विचारा, काय झालं, कोण होतं, का रागावला. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा उतारा त्याला एकट्याला वाचू द्या आणि तसंच विचारा. ऐकून सगळं कळतंय, पण वाचून कळत नाही, तर अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. त्याची सगळी ताकद 'हे कुठलं अक्षर' यातच संपते, अर्थापर्यंत पोचायला काही उरत नाही. ऐकूनही कळत नसेल, तर अडचण भाषेची असू शकते. नाशिकमध्ये हे फार दिसतं. सुरगाणा-पेठकडून आलेल्या मुलाच्या घरी कोकणा बोलली जाते, बागलाण-मालेगावकडच्या घरात अहिराणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे इथे आलेल्या कुटुंबांत हिंदी किंवा भोजपुरी. पुस्तकातली मराठी या मुलांना नवीच असते. त्यांना आधी भरपूर ऐकवा, बोलतं करा, आणि घरच्या बोलीला नावं ठेवू नका. आजीकडून अहिराणीत ऐकलेली गोष्टही या खात्यात जमाच होते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचंही असंच असतं, मराठी कानावर पडते पण डोळ्यांसमोर फारशी येत नाही.

याच आठवड्यात डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर असलेलं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खात बसतं, अशी उदाहरणं घरोघरी सापडतील.

काय बंद करायचं

पाहुण्यांसमोर वाचायला लावणं आजपासून बंद. 'ताई बघ कशी वाचते' बंद. चुकीच्या प्रत्येक अक्षराला 'अंऽऽ, नीट बघ' म्हणणंही बंद. शाळेत मोठ्यानं वाचायची पाळी येते म्हणून मूल घाबरत असेल, तर वर्गशिक्षकांना भेटून सांगा: पाळी द्यायचीच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवा, आम्ही घरी तयारी करून पाठवतो. भाच्याच्या बाबतीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा 'घरून लाड होतात' असं ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकलं गेलं. आपण पुन्हा जायचं.

गोष्टीचं खातं: रोज रात्री वीस मिनिटं वाचून दाखवा

मूल चौथीत असो की सातवीत, त्याला वाचून दाखवा. 'आता मोठा झाला, स्वतः वाचू दे' हे वाक्य मला पटत नाही. पोहायला न येणाऱ्याला पाण्याची भीती घालवायची तर आधी कडेला बसून पाय बुडवू देतात. रामकुंडावर कितीतरी मुलं तशीच बसलेली असतात.

वाचून दाखवताना चार पथ्यं. पुस्तक दोघांना दिसेल असं धरा आणि बोट ओळीखालून हलकं फिरू द्या. त्याला 'बघ' म्हणू नका, बघायचं तर बघेल. आवाज बदलून वाचा, पण नाटक करू नका. गोष्ट ऐन रंगात आली की थांबा, 'उद्या' म्हणा. आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. 'या गोष्टीतून काय शिकलास' हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा विचारला त्यानं किती मुलांची पुस्तकं मिटवली असतील, कोण जाणे.

पुस्तक त्याच्या वाचनाच्या पातळीचं नको, त्याच्या डोक्याच्या पातळीचं हवं. दहा वर्षांच्या मुलाला तीन ओळींच्या चित्रपुस्तकात रस वाटणार नाही. त्याला भुतं, चोर, जंगल, क्रिकेट, किल्ले, वेडगळ विनोद हवे असतात. वीस मिनिटं जमत नसतील तर दहा चालतील, पण खाडा नको. आमच्याकडे ताई बँकेतून सातला येते, म्हणून रात्रीची गोष्ट ती किंवा दाजी वाचतात आणि अक्षरं संध्याकाळी साडेपाचला माझ्याकडे. ही वाटणी नाइलाजानं झाली, पण चांगली झाली. जमलं तर आई-बाबांनी गोड काम स्वतःकडे ठेवावं आणि अक्षरांचं काम आत्या, काका, शेजारचा कॉलेजातला दादा यांच्यापैकी कुणाकडे द्यावं. तेवढं मनुष्यबळ नसेल तर वेळ आणि जागा तरी वेगळ्या ठेवा. अक्षरं टेबलावर, गोष्ट अंथरुणात.

अक्षरांचं खातं: रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून

दहा म्हणजे दहाच. अकराव्या मिनिटाला मूल रंगात असलं तरी थांबा.

सामान फारसं लागत नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूची पत्ती करा, एक जाड स्केचपेन आणि ती वही.

*सारखी दिसणारी अक्षरं.* घ-ध, म-भ, य-थ या तीन जोड्या सगळ्यात जास्त त्रास देतात. त्यांना एकच किल्ली लागते, डोक्यावरची रेघ. घ, म, य यांच्या डोक्यावर रेघ पूर्ण असते. ध, भ, थ यांची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटा आकडा वळलेला असतो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ध चं छप्पर गळतं." तेव्हापासून आमच्याकडे ती 'गळक्या छपराची' अक्षरं. तुमच्या मुलाला त्याचं स्वतःचं नाव सुचू द्या, ते जास्त टिकतं. दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. चार दिवस नुसता ध: धरण, धडा, धूर, दूध. तो पक्का झाला की घ आणा आणि मगच पत्त्या एकत्र पिसा.

ल आणि श यांच्याबद्दल एक सूचना. पाठ्यपुस्तकात, मोबाइलवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर ही दोन अक्षरं दोन तऱ्हांनी छापलेली दिसतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, मूल मात्र नवं अक्षर समजून थबकतं. दोन्ही आकार शेजारी ठेवून एकदा दाखवा.

*अक्षरं येतात, शब्द येत नाही.* काही मुलं 'करवत' हा शब्द क, र, व, त असा सुटासुटा म्हणतात आणि शेवटी गोंधळून भलतंच काही बोलतात. कारण मराठीत आपण लिहितो चार अक्षरं आणि बोलतो 'कर्-वत्'. अशा मुलाला घास करायला शिकवा: कर-वत, घसर-गुंडी, गोदा-वरी. पेन्सिलीनं मध्ये बारीक रेघ मारून द्या. टाळी वाजवत म्हणायला लावा, एका घासाला एक टाळी. पंधरा दिवसांत रेघेची गरज कमी होते.

*वेलांटी.* पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि बोलायची अक्षरानंतर. 'किती' मधला कि वाचताना डोळ्याला उलटी उडी मारावी लागते. पत्तीवर 'क' लिहा आणि वेलांटी पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर काढून वरून सरकवत आणा, मुलांना हा खेळ वाटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे सध्या लागू नका. 'पाणि' वाचलं काय नि 'पाणी' वाचलं काय, गोष्टीतल्या माणसाची तहान भागतेच. शुद्धलेखनाचा दिवस पुढे येईल.

*र ची चार रूपं.* हा खरा डोंगर. र कुठे डोक्यावर चढतो, कुठे पोटात शिरतो, कुठे पायाशी बसतो, कुठे नुसती मिशी होऊन उभा राहतो. आम्ही हे पुस्तकातून न शिकवता गावातूनच शिकवलं. पाथर्डी: रफार डी च्या डोक्यावर, पण बोलायचा डी च्या आधी, पाथर्-डी. (महाशय स्वतःचा पत्ता 'पाथडी' असा वाचत होते.) भद्रकाली: र द च्या पोटात. ट्रॅक्टर: ट च्या पायाशी, दोन पाय फाकून. आणि रामकुंडाच्या पायऱ्या: तिथे र ची मिशी. चार पत्त्या, चार दिवस, मग पेपरातून प्रत्येक रूपाचे पाच-पाच शब्द शोधून गोल करायचे.

बाकीची जोडाक्षरं अशीच उघडून दाखवा. द्वारका म्हणजे द् आणि व; म्हसरूळ म्हणजे म् आणि ह; अशोक स्तंभ म्हणजे स् आणि त. द्य आणि ध यांची गल्लत होतेच, 'विद्या'ची 'विधा' होते, त्यासाठी दोन पत्त्या वेगळ्या राखून ठेवा. सप्तशृंगी आणि त्र्यंबकेश्वर शेवटासाठी. 'त्र्यं'मध्ये त, र, य आणि वर अनुस्वार, एका अक्षरात एवढी गर्दी आहे की मोठी माणसंसुद्धा बघून नव्हे, ओळखीनं वाचतात. हे मुलाला सांगा. तो सुटल्यासारखं हसतो.

सिटीलिंकचा, म्हणजे आमच्या शहर बसचा प्रवास म्हणजे या पत्त्यांची फुकटची उजळणी. निमाणीपासून नाशिकरोडपर्यंत थांब्यांची नावं कोण आधी वाचतं, एवढंच. मात्र मूल दमलेलं असेल, भुकेलं असेल तर त्या दिवशी खिडकीतून नुसतं बघू द्या.

दोन खात्यांमधला पूल: जोडीनं वाचन

महिना-दीड महिना झाला की तिसरी गोष्ट सुरू करा, आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं. पुस्तक त्याच्या आवडीचं, सोपं. शेजारी बसा आणि दोघंही एकदमच मोठ्यानं वाचा. तुम्ही त्याच्या वेगानं, त्याच्या पुढे नाही. तुमच्या आवाजाच्या आधारानं तो अवघड शब्दांवरून तरून जातो. त्याला एकट्यानं वाचावंसं वाटलं की त्यानं तुमच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचं. अडला की मनात पाच मोजा. नाही सुटलं तर तुम्ही शब्द सांगा, तो पुन्हा म्हणेल, दोघं मिळून पुढे. फोड करून शिकवत बसू नका, ते काम साडेपाचच्या खात्यातलं. शब्द मनात ठेवा, नंतर वहीत लिहा.

आणि तेच पान पुन्हा वाचा. सोमवारी वाचलेलं मंगळवारी, बुधवारी. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलाला येत नाही, कारण तिसऱ्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वाक्य वाक्यासारखं बाहेर पडतं. मोबाइलवर त्याचं पहिल्या आणि चौथ्या दिवसाचं वाचन टिपून त्याला ऐकवा. भाच्याला आम्ही कितीही 'सुधारलास' म्हटलं तरी पटत नव्हतं, स्वतःचा आवाज ऐकून पटलं. ही फीत इतर कुणाला ऐकवू नका, मामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

पुस्तक कुठलं, आणणार कुठून

मधलं एक पान उघडून त्याला वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं, दोन-तीन मिटली तर जोडीनं, एखादंच मिटलं तर त्याचं त्याला. 'फारच सोपं आहे' म्हणून काढून घेऊ नका. सोपं पुस्तक संपतं, आणि पुस्तक संपवल्याचा अनुभव या मुलांकडे नसतोच.

चित्रकथा, कोडी, विनोद, क्रिकेटचा धावफलक, भेळेची कृती, सगळं वाचनच. पावसाळ्यात गोदेला पूर आला की पेपरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं ते येतं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नाशिकचं मूल ती दोन ओळींची बातमी आपणहून वाचतं, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. मिसळीच्या दुकानात फलक वाचून ऑर्डर देण्याचं काम त्याच्याकडे सोपवा. वेळ लागेल, मागचे खोळंबतील, खोळंबू देत.

पुस्तकं विकत घेण्याआधी वाचनालय. शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तिथे मुलाला घेऊन जा, मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा आणि कपाटासमोर त्याला मोकळं सोडा. पुस्तक त्यानं निवडायचं, मुखपृष्ठ पाहून निवडलं तरी हरकत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरतात. ती कल्पना आम्ही सोसायटीत उचलली: सहा घरांनी मुलांची पाच-पाच पुस्तकं एका पेटीत टाकली, पेटी दर पंधरवड्याला पुढच्या घरी. शेजारच्या मुलीनं वाचलेलं पुस्तक म्हटलं की त्याला वेगळाच भाव येतो.

'किशोर' हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झालं, त्यावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि फुकट उतरवून घेता येतात. मी त्या छापून, दोऱ्यानं शिवून देते. पडद्यावर वाचायला दिलं तर दुसऱ्या मिनिटाला बोट गेमकडे जातं, हा आमच्या घरचा अनुभव.

कधी तज्ज्ञांकडे जायचं

तीन-चार महिने नेमानं करूनही अक्षरं तिथेच अडत असतील, कालचा शब्द आज परकाच वाटत असेल, लिहितानाही तसंच होत असेल आणि मूल एरवी बोलण्यात, हिशेबात, समजुतीत चलाख असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मूल तिसरीच्या आसपास पोचलं की निदान जास्त नेमकं होतं. आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते पुढे मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकाकडे पाठवतील. याचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि अधिकृत प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'शिक्का बसेल' म्हणून कागद टाळणारे पालक मला भेटलेत. शिक्का तर 'ढ' म्हणून आधीच बसलेला असतो, तो या कागदानं पुसायला मदतच होते.

किती दिवस लागतात

आमच्याकडे पहिले दोन महिने वहीत काहीच हललं नाही. तिसऱ्या महिन्यात जोडाक्षरं गाळणं थांबलं. मग एका सुट्टीत पंधरा दिवस खाडा झाला आणि गाडी चांगलीच मागे आली. परीक्षेच्या आधी ताईचा धीर सुटला, तिनं रात्रीच्या गोष्टीच्या वेळेतच प्रश्नोत्तरं घ्यायला सुरुवात केली, तर चौथ्या दिवशी पुन्हा पोटदुखी. ते थांबवलं.

गेल्या महिन्यात ताई-दाजी लग्नाला निफाडला गेले होते, म्हणून गोष्टीची पाळी माझी. दिवसभराची दमलेली, डोळे मिटत होते, मी चार ओळी गाळून खालच्या परिच्छेदावर गेले.

"मावशी, मधलं गाळलंस."

"तुला कसं कळलं?"

त्यानं पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि त्या चार ओळी वाचून दाखवल्या. 'धडपडत उठला'चं 'घडपडत उठला' केलं आणि तसाच पुढे गेला. मी काही बोलले नाही. ते वहीत, उद्या साडेपाचला.